संमती कुणाची, उचल कुणाची

"शरीर माझं, मग किडनी विकायचा हक्कही माझाच" हे म्हणणं ऐकायला झकास. 1994 च्या कायद्याने अवयवविक्री गुन्हा ठरवली, ते बाजूला ठेवू. पण नाशकात बसून बोलतोय, तर जरा दिंडोरीकडे ऊसतोडीच्या वेळी चक्कर मारा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरांची एक जोडी; मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्याची) उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, केव्हाच खर्च झालेली. डोक्यावर मोळी घेऊन ती बाई फळीवरून ट्रकवर चढते. एक दिवस पडून राहिली की खाडा, म्हणजे उलट दंड. बीडच्या कित्येक ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं 2019 मध्ये गाजलं, पाळीचा खाडा परवडत नाही हे त्यातलं एक कारण. (डॉक्टरांचा धंदा हे दुसरं.) संमतीच्या कागदावर अंगठा त्या बायकांचाच असणार. त्याला तुम्ही हक्क म्हणता?