सिव्हिकला लो इम्पिडन्स इंजेक्टर टाकतोय, रेझिस्टर बॉक्स नक्की कुठे जोडायचा?

गाडीवेडा_जर्सी
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत असतो, ९४ ची सिव्हिक आहे, डी१६झेड६ इंजिन, टर्बो बसवून झालाय आणि आता इंजेक्टरपाशी घोडं अडलंय. ओळखीतून डीएसएमचे ४५० सीसीवाले स्वस्तात मिळाले, म्हणजे मित्सुबिशी इक्लिप्स टर्बोचे. मल्टिमीटर लावला तर अडीच ओहमच्या आसपास दाखवतोय आणि माझे मूळचे १२ च्या जवळ आहेत. म्हणजे हे लो इम्पिडन्स (कमी रोधाचे), त्यांना रेझिस्टर बॉक्स (मधे जादा रोध घालणारी डबी) लागणार एवढं कळलं, जंकयार्डमधून ९१ च्या अकॉर्डचा बॉक्स काढूनही आणलाय, पाच वायरी आहेत त्याला. पण कोणी सांगतं ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) बाजूला जोड, कोणी सांगतं १२ व्होल्टच्या बाजूला, आणि एक जण तर म्हणाला काही लागत नाही बिनधास्त डायरेक्ट लाव. ईसीयू होंडाचा पी२८ मॉडेलचा आहे, ट्यूनिंगसाठी चिप टाकलेला, तो गेला तर वांदे होतील.

तात्या_वायरमन
डायरेक्ट लावू नकोस रे बाबा. साधा हिशोब कर, गाडी चालू असताना १४ व्होल्ट धर, अडीच ओहमला भागलं की साडेपाच अँपिअर, तुझ्या ईसीयूतले ड्रायव्हर सव्वा अँपिअरच्या आसपासच्या कामाला बनवलेत. लगेच धूर निघणार नाही म्हणून लोकांना वाटतं चालतंय की, आणि मग एक दिवस एक सिलिंडर गप्प होतो. मधे बॉक्सचा ६ ओहम आला की एकूण साडेआठ, करंट १.६५ वर येतो, एवढं तो झेलतो. होंडाने स्वतः अकॉर्डला हेच केलं होतं.

आता जोडणी. होंडात इंजेक्टरला १२ व्होल्ट कायम असतात, मेन रिलेकडून पिवळी-काळी वायर येते, आणि ईसीयू दुसऱ्या टोकाला अर्थ देऊन इंजेक्टर उघडतो. सर्किट सिरीजमधलं, त्यामुळे करंटला कुठल्याही बाजूने काही फरक पडत नाही, पण बॉक्सला एक कॉमन आणि चार आउटपुट असल्यामुळे १२ व्होल्टच्या बाजूलाच तो नीट बसतो. पिवळी-काळी कॉमनला, चार आउटपुट चार इंजेक्टरच्या पिवळ्या-काळ्या पिनला, ईसीयूकडून येणाऱ्या रंगीत वायरींना हातही लावायचा नाही.

एक लक्षात ठेव, हार्नेसची टेप सोडलीस की आत त्या पिवळ्या-काळीचा एक जोड दिसेल, तिथून ती फुटून चार ठिकाणी जाते. पण आयडल व्हॉल्व्हलाही (गाडी उभी असताना इंजिनचा वेग सांभाळतो तो) तोच रंग जातो. कुठेतरी मागेच वायर कापून बॉक्स घुसवलास तर व्हॉल्व्हपण रेझिस्टरमागे जाईल आणि मग आयडल का डुलतंय म्हणून आठवडाभर डोकं खाजवत बसशील. सरळ इंजेक्टरच्या क्लिपपाशी चारही पिवळ्या-काळ्या काप, थोडी जास्त सोल्डरिंग पडेल पण गोंधळ नाही. सोल्डर आणि हीटश्रिंक, नुसती पिळून टेप मारू नकोस, इंजिनवर सगळं थरथरतं.

शांतपणे_चालवा
एवढा खटाटोप कशाला पण? आता ४५० काय हजार सीसीचेसुद्धा हाय इम्पिडन्स मिळतात. बॉशचे ईव्ही१४ टाइपचे घ्या, उंची आणि क्लिपचा अडॅप्टर बघून घ्या, विषय संपला. ते डीएसएमवाले विकून टाका.

गाडीवेडा_जर्सी
पैशाचं गणित आहे दादा, टर्बोनेच खिसा रिकामा केलाय 😅 तात्या, अजून एक, बॉक्स जुना आहे म्हणून विचारतो, चार वेगळ्यांऐवजी एकच मोठा रेझिस्टर मुख्य वायरीत टाकला तर? एका व्हिडिओत तसं दाखवलंय.

पुणेरी_टर्बो
तो व्हिडिओ बंद कर. आयडलला चालेल, तिथे एका वेळी एकच इंजेक्टर उघडा असतो. पण बूस्टमध्ये (टर्बो हवा कोंबतो तेव्हा) ड्युटी, म्हणजे इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, ७०-८० टक्क्यांवर गेली की तीन इंजेक्टर एकदम उघडे असतात आणि तिघं मिळून त्याच एका ६ ओहमातून ओढतात, प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण अँपिअरपण येत नाही. उघडणार उशिरा किंवा अर्धवट, म्हणजे ऐन बूस्टमध्ये गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त). पिस्टन वितळवायचा सोपा मार्ग.

जुन्या बॉक्सची भीती वाटत असेल तर मोज ना. कॉमन ते प्रत्येक आउटपुट ५ ते ७ ओहम यायला पाहिजे आणि चारही जवळपास सारखे. आधी मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून बघ, ०.३-०.४ दाखवेल, तेवढे वजा कर. खराब निघाला तर नवीन बनव. आम्ही इथे तपकीर गल्लीतून ॲल्युमिनियम बॉडीचे वायरवाउंड आणतो, ५.६ किंवा ६.८ ओहम, तुझ्याकडे ऑनलाइन मिळतील. वॅटमध्ये कंजुषी नको. इंजेक्टर सतत उघडा धरला तर १.६५ चा वर्ग गुणिले ६, म्हणजे १६ वॅट, म्हणून किमान २५ चा, ५० चा असेल तर बेस्ट. आणि तो २५ वॅट आकडा पत्र्यावर घट्ट आवळला असेल तरच खरा, हवेत लोंबकळत ठेवलास तर भाजून निघेल. फायरवॉलच्या पत्र्यावर थर्मल पेस्ट लावून बोल्ट मार, रबरी होजपासून लांब.

तात्या_वायरमन
+१. आणि चावी फिरवायच्या आधी ईसीयूचा प्लग काढून बॉक्सची कॉमन वायर ते प्लगमधली ए१, ए३, ए५, ए२ पिन असं मोज, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा इंजेक्टर त्या क्रमाने आहेत. प्रत्येकी ८ ते ९ यायला हवा. कुठे अडीच आला तर तो रेझिस्टर बायपास झालाय, काहीच नाही आला तर सोल्डर सुटलाय.

ट्यूनिंगवाल्याला सांग की इंजेक्टर रेझिस्टरवर आहेत. मूळच्या २४० सीसीवरून ४५० म्हणजे पेट्रोलचा मल्टिप्लायर ०.५३ च्या आसपास, ते तो टाकेलच, पण डेड टाइम (इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ) पीक अँड होल्डच्या (आधी जोरात, मग कमी करंट देणाऱ्या ड्रायव्हरच्या) चार्टमधला उचलू नका. ते आकडे सुरुवातीला ४ अँपिअरचा झटका देणाऱ्या ड्रायव्हरचे असतात, तुझा इंजेक्टर त्याहून सुस्त उघडेल. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) बघत आयडलवर हेडलाइट आणि ब्लोअर लावा, व्होल्टेज पडल्यावर मिक्स्चर सरकलं तर त्या व्होल्टेजचा डेड टाइम वाढवायचा.

गाडीवेडा_जर्सी
बॉक्स मोजला, ५.९, ६.०, ५.९ आणि चौथा ७.४. हा चौथा चालेल का बदलू?

पुणेरी_टर्बो
आधी पिनेवरचा गंज घासून परत मोज. तरीही ७.४ च आला तर बदल.