गुलमंडीवर बुलडोझर फिरवला की गरिबी जाते म्हणे!

गुलमंडीकर: काल इथं एका साहेबांनी लिहिलं, संभाजीनगरातलं (औरंगाबादचं) गुलमंडीकडचं जुनं शहर संपलंय, गल्ल्या पाडून रुंद करा, गरिबांना बाहेर फ्लॅट द्या, मधोमध मॉल उभारा. वाचून डोकंच फिरलं. आमचा वाडा कामून पडायलाय, माहितीय? पीआर कार्डावर (घराच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावर) अजून आजोबांचंच नाव, वारस चौदा, निम्मे पुण्यात. सही कोण करणार? बँक दारात उभं करत नाही. खालचा भाडेकरू हैदराबादच्या १९५४ च्या भाडे कायद्यापासूनचा. १९९९ चा नवा कायदा आला तरी भाडं चहापाण्याएवढंच. पोपडे धरले की मेणकापड लावायचं, झालं. आधी वारसनोंदीचे कॅम्प लावा, दुरुस्तीला कर्ज द्या. अन् माणसं दूर नेली तर धुणंभांडी करणारी बाई रिक्षालाच किती घालणार?

सिडको_एन७: तो साहेब मीच. भावनिक होऊ नका. तुमच्या गल्लीत अग्निशमनची गाडी शिरत नाही. शहर वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांवर जगतं, गुलमंडीवर नाही.

शहागंजवाला: वाळूजचं नका सांगू. माझा भाऊ तिथं कंत्राटदाराकडं होता. सात महिने झाले की ब्रेक देऊन घरी बसवायचे. आता घड्याळाच्या मनोऱ्याजवळ गाडा लावतो, चार पैसे जास्तच सुटतात.

नळाची_वाट: कसला मॉल अन् कसलं काय! आमच्याकडं पाणी पाच-सहा दिवसांआड, तेही रात्री दोनला. पुढचे मोटारी लावून ओढतात, आमच्या नळातून नुसती हवा. चारशे वर्षांपूर्वी निजामशाहीच्या मलिक अंबरनं नहरीनं (जमिनीखालच्या पाटानं) पाणी फिरवलं, तुम्हाला पन्नास किलोमीटरवरचा नाथसागर (जायकवाडी धरण) पुरेना?

सिडको_एन७: मोटारी काय जुन्या शहरातच आहेत? आमच्याकडंही टँकरच येतो.

नळाची_वाट: तुम्हाला टँकर परवडतो. आमच्या गल्लीत तो वळतसुद्धा नाही.

सिडको_एन७: म्हणजे गल्ली रुंद करा! मी काय वेगळं म्हणालो?

गुलमंडीकर: वा! पाइप टाका म्हटलं की हे घर पाडायला निघाले. साहेब, गुलमंडीवर शेवटचे कधी आलात?

सिडको_एन७: दिवाळीत. गाडी लावायला जागा नव्हती, परत फिरलो.

गुलमंडीकर: हां, म्हणून मॉल पाहिजे!

सिडको_एन७: बरं बाबा, वारसनोंदीचं मान्य. खुश? आता आगीचं उत्तर द्या.

गुलमंडीकर: छोटे बंब घ्या की. सगळं शहर बंबाच्या मापानं कापायचं का?

सिडको_एन७: निदान रस्त्यावरचे गाडे तरी हटवा.

शहागंजवाला: आलं का शेवटी गाड्यावर! भावाला तुमच्या मॉलमध्ये वॉचमन ठेवणार का?