सोलर सिम्युलेटरवर जेएससी 27 येतोय आणि ईक्यूईवरून 20.6, खरं कोणाचं?

पेरोव्ह_पीएचडी:
नमस्कार मंडळी, लॅबमध्ये मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइटचे सोलर सेल बनवतोय, वर थर्मल इव्हॅपोरेशनने सोन्याचं इलेक्ट्रोड, डिव्हाइस 3 मिमी बाय 3 मिमी म्हणजे 0.09 चौ. सेमी. सिम्युलेटर (लॅबमधला कृत्रिम सूर्यप्रकाश) झेनॉन लॅम्पचा आहे, एएम 1.5 जी म्हणजे प्रमाणित सूर्यप्रकाशाच्या स्पेक्ट्रमचा फिल्टर लावलेला, क्लास एएए म्हणजे स्पेक्ट्रम, एकसारखेपणा आणि स्थिरता तिन्हीत ए दर्जाचा. सिलिकॉनच्या रेफरन्स सेलने 100 मिलिवॅट प्रति चौ. सेमी (1 सन) सेट करतो आणि मग आयव्ही म्हणजे करंट-व्होल्टेज स्कॅन घेतो. जेएससी (शॉर्ट सर्किटला दर चौ. सेमीचा करंट) 27 मिलिअँपिअर प्रति चौ. सेमी येतोय, पण त्याच डिव्हाइसचं ईक्यूई (प्रत्येक तरंगलांबीला किती टक्के फोटॉनचा करंट होतो ते) इंटिग्रेट केलं की 20.6. पेपर रिव्ह्यूला गेलाय आणि रिव्ह्यूअरने नेमकं हेच विचारलंय. गाईड म्हणतात लॅम्प जुना झालाय, बदलून टाकू. बल्ब महाग आहे हो, बदलूनही तेच आलं तर काय करायचं?

झेनॉनदादा:
बल्ब लगेच बदलू नकोस. आधी एक साधा हिशोब बघ, तुझ्या मटेरियलचा बँडगॅप (फोटॉन शोषायला लागणारी किमान ऊर्जा) 1.6 इव्ही धरला तर त्याच्या वरचा प्रत्येक फोटॉन पकडला, काचेवरून काहीच परावर्तित झालं नाही, तरी जेएससी साधारण 25 च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे 27 हा आकडाच अशक्य आहे, ईक्यूईवर शंका घेत बसू नकोस. मला वाटतं तुझा रेफरन्स सेल चुकतोय. उघडा म्हणजे फिल्टर नसलेला सिलिकॉन 1100 नॅनोमीटरपर्यंत बघतो आणि पेरोव्हस्काइट 800 ला संपतं, आणि झेनॉनला नेमक्या 800 ते 1000 च्या पट्ट्यात उंच लाइन्स असतात, फिल्टर लावला तरी थोड्या उरतातच. केजी5 फिल्टरवाला सिलिकॉन सेल वापर, तो आयआर (इन्फ्रारेड) कापतो म्हणून पेरोव्हस्काइटसारखा बघतो. आणि क्लास ए म्हणजे स्पेक्ट्रम तंतोतंत असं नाही, आयईसी 60904-9 या सिम्युलेटरच्या स्टँडर्डमध्ये स्पेक्ट्रमच्या प्रत्येक पट्ट्याला 0.75 ते 1.25 एवढी सूट आहे.

सिलिकॉनवाली:
दादा, केजी5 चं अगदी बरोबर आहे आणि तो घ्यायलाच पाहिजे, पण दिशा उलटी होतेय. उघड्या सिलिकॉनला आयआर जास्त मिळालं की तो आधीच "1 सन झाला" म्हणतो, मग आपण लॅम्प खाली आणतो, त्यामुळे व्हिजिबल कमी पडतं आणि पेरोव्हस्काइटचा जेएससी कमी यायला हवा. इथे तर जास्त येतोय.
माझा संशय एरियावर आहे. तू मास्क लावतोस का? म्हणजे इव्हॅपोरेशनचा नाही, मोजताना सेलच्या पुढे ठेवायचा अपर्चर मास्क. इव्हॅपोरेशनच्या वेळचा शॅडो मास्क आणि काच यांच्यात जरा फट राहिली की सोनं बाजूला पसरतं. 3 चं 3.4 मिमी झालं तर एरिया 9 वरून 11.56 चौ. मिमी होतो, म्हणजे 28 टक्के जास्त, आणि तू भागतोयस 9 नेच! तुझे 27 भागिले 1.28 केलं तर 21 येतं बघ. शिवाय काचेतून बाजूचा प्रकाश आत शिरतो तो वेगळाच. ईक्यूईचा स्पॉट सेलच्या आत मावत असेल तर तिथे एरियाचा प्रश्नच येत नाही, म्हणून तो आकडा जास्त विश्वासाचा. डिव्हाइस एकदा मायक्रोस्कोपखाली बघ आणि एरिया खरा मोज.

पेरोव्ह_पीएचडी:
ताई, मास्क नव्हताच लावत, आमच्याकडे कोणीच लावत नाही. आत्ताच मायक्रोस्कोपखाली बघितलं, सोन्याची कड खरंच पसरलीये, एका बाजूला तर बरीच. मास्क कशाचा करू?

सिलिकॉनवाली:
पातळ स्टीलच्या पत्र्यातून लेझरने कापून घे, मॅट काळा रंग दे, भोक 2.5 बाय 2.5 मिमीचं, म्हणजे सेलपेक्षा थोडं लहान, आणि भोकाचा एरियासुद्धा मायक्रोस्कोपखालीच मोज, कारण कापणाऱ्याने सांगितलेल्या मापावर भरवसा ठेवता येत नाही. एक गोष्ट लक्षात ठेव, मास्क लावला की बाजूचा अंधारातला भाग डार्क करंट ओढतो म्हणून व्हीओसी (ओपन सर्किट व्होल्टेज) किंचित खाली येतो, त्याला घाबरू नको.

झेनॉनदादा:
ताईंचं पटलं, दिशेचा मुद्दा बरोबर आहे. अजून दोन गोष्टी. रेफरन्स सेल आणि तुझा सेल एकाच उंचीवर ठेव, किरणं पसरतात त्यामुळे थोड्याशा फरकानेही तीव्रता बदलते. आणि लॅम्प चालू केल्यावर स्थिर व्हायला वेळ दे, लगेच मोजू नको. एवढं करूनही पुढे कधी बल्ब बदलायची वेळ आलीच तर गॉगल आणि फेस शील्ड घालूनच बदल, झेनॉनचा बल्ब थंड असतानासुद्धा आत प्रचंड दाब असतो, फुटला तर क्वार्ट्झचे तुकडे डोळ्यात जातात. बल्बच्या क्वार्ट्झ काचेला उघडं बोट लावू नको. हे नवीन पोरांना कोणी सांगतच नाही, खूप राग येतो मला याचा.

पेरोव्ह_पीएचडी:
मास्क लावून घेतलं, जेएससी 20.9 आला! गाईडना दाखवलं, बल्ब सध्या राहू दे म्हणाले आणि केजी5 वाल्या रेफरन्स सेलची ऑर्डर काढतोय. एफिशियन्सी खाली आली याचं वाईट वाटतंय, पण रिव्ह्यूअरला आता नीट उत्तर देता येईल.

सिलिकॉनवाली:
छान. उत्तरात मास्कचा एरिया, रेफरन्स सेल कोणता आणि फॉरवर्ड-रिव्हर्स (व्होल्टेज वाढवत आणि कमी करत) दोन्ही स्कॅन दे. फक्त रिव्हर्सच दिला तर हिस्टेरेसिसवरून (दोन दिशांच्या स्कॅनमधल्या फरकावरून) पुढचा प्रश्न येणारच. जमलं तर मॅक्सिमम पॉवर पॉइंटला थोडा वेळ धरून स्थिर आउटपुटचा ग्राफ पण जोड.