मदत हवी आहे : जुन्या अ‍ॅम्बॅसेडरला पाचवा गिअर

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहतो. बाबांची १४८९ सीसीची पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडर जिवापाड सांभाळतोय. महिन्यातून एकदा तरी नाशिकला जाणं होतं. रस्ता मोकळा मिळतो, पण सत्तरच्या पुढे इंजिन नुसतं ओरडतं. गिअर चारच आणि चौथा डायरेक्ट : इंजिनाचा एक फेरा तर प्रोपेलर शाफ्टचाही (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरणारा दांडा) एकच.

म्हणून पाचवा, ओव्हरड्राइव्ह गिअर बसवायचा विचार आहे, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचा एकापेक्षा कमी फेरा. त्याचं गुणोत्तर ०.८ धरलं तर ३००० आरपीएमचं (मिनिटाला फेरे) काम २४०० वर होईल. आवाज कमी, झीज कमी, पेट्रोलही वाचेल. पण चाकाला मिळणारी ओढही घटणार, आणि या इंजिनात ताकद मुळातच बेताची. कसारा घाटात खालच्या गिअरवर यावं लागेल, ते मान्य. धास्ती वेगळीच आहे : चार माणसं, सामान, मे महिन्याचं ऊन, अशात सपाटीवरही इंजिन रखडत राहिलं तर तापेल का?

मेकॅनिक सुचवतात, नंतरच्या १८०० आयएसझेड अ‍ॅम्बॅसेडरचा इसुझू पाच-गिअर बॉक्स बसवा. त्यासाठी बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), शाफ्ट, क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग) यांत किती बदल लागतो? बाबांच्या गाडीची कापाकापी मला नकोय. कुणी हे केलं असेल तर अनुभव सांगा. ठाणे-नवी मुंबईत भरवशाचा कारागीर माहीत असेल तर तेही कळवा.