सचिव काकाजींची कामाची रीत: ज्याला जे ठाऊक, त्याने ते इथे लिहा

सलाम. आपल्या चर्चचे सचिव काकाजी गेले. त्यांच्या स्मरणसभेत गाणी झाली, भाषणं झाली. पण पुढच्या रविवारचं दानार्पण कोण आणि कसं मोजणार, हे कुणीच विचारलं नाही. म्हणून हा धागा. कौतुक झालं, आता रीत लिहा.

हिशेब पाहणारे
मोजणी उपासना संपताच, वेस्ट्रीतच, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत. मोजणारे दोघं, एका घरचे नकोत. आधी दानाची पाकिटं, मग सुट्टं दान. 500 च्या किती, 200 च्या किती, असा तक्ता, खाली दोघांच्या सह्या. घोटाळा कुठे होतो? फुलवाला दारात उभा असतो, त्याला त्याच पैशातून दिलं जातं. मग बँकेची पावती तक्त्याशी जुळत नाही, आणि चोरी झाली की खर्च झाला हे सांगता येत नाही. काकाजींची रीत अशी: दान जसंच्या तसं सोमवारी बँकेत. किरकोळ खर्चाला वेगळ्या डब्यात 2000. डब्यातली रोकड आणि बिलं मिळून कधीही 2000 च भरली पाहिजेत. "पैसा देवाचा हाये, पण हिशेब माणसाले द्या लागते," हे त्यांचं नेहमीचं.

रजिस्टर सांभाळणाऱ्या
29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच सहा चर्चसंघटना एक होऊन आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा मानणारे होते, तसे मोठेपणीच घ्यावा म्हणणारेही. दोन्ही रीती चालू राहिल्या. म्हणून नोंद करताना शिशू की प्रौढ, हे लिहायचंच. बालकार्पणाची (बाळ बाप्तिस्म्याविना देवाला अर्पण करतात, त्याची) नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत गेली, तर वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी गोंधळ ठरलेला. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकीवर एक रेघ, समासात दुरुस्ती, सही, तारीख. जुन्या वह्या सुती कापडात बांधा. प्लास्टिकमध्ये पावसाळ्याची ओल आत अडकते.

लग्नाचंही त्यातच सांगते. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 आहे. मे महिन्यात ऊन उतरायची वाट पाहून लोक साडेसहा ठरवतात आणि वरात पोहोचते सव्वासातला. काकाजी पत्रिकेवर 5 च छापायला लावत. पाळकांखेरीज दोन साक्षीदार आधीच वेस्ट्रीत बसवून ठेवत, फोटोवाल्याच्या मागे शोधत फिरायला नको.

महिला मंडळ
प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा) रस: बिनबियांच्या काळ्या मनुका पाव किलो, पाणी 1 लिटर. रात्रभर भिजवा, 20 मिनिटं मंद उकळा, मलमलीतून गाळा. साधारण 700 मिली उरतो. प्रत्येक पेल्यात 15 मिली धरले तर 45 पेले. शनिवारी संध्याकाळी करून लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर सकाळपर्यंत फेस धरतो.

कबरस्तान समिती
खड्डा 7 फूट लांब, 3 रुंद, 6 खोल. आपली माती काळी. उन्हाळ्यात दगडासारखी होते, म्हणून आदल्या रात्री पाणी मारून ठेवा. पावसाळ्यात उलट, कडा ढासळतात. खोदकाम शक्य तितकं उशिरा, दोन्ही काठांवर फळ्या, वर ताडपत्री. पेटी उतरवायला सुती दोर, एक डोक्याकडे, एक पायाकडे. नायलॉनचा घामट हातातून सुटतो. माती 1 फूट उंच रचायची, ती बसणारच.

एक प्रश्न
काकाजींच्या कबरीवर फरशी कधी? घरचे विचारत आहेत.

कबरस्तान समिती
एक पावसाळा जाऊ द्या. काळी माती फुगते, मग आक्रसते. आत्ता बसवली तर दिवाळीपर्यंत एका बाजूला कलंडेल. तोवर लाकडी क्रूस, खालच्या टोकाला डांबर लावून.