हंगुल वाचवायचा तर आधी काय: प्रजनन केंद्र की वरची कुरणं?

देवराई

काश्मीरला जाऊन आलेली माणसं दल सरोवर, गुलमर्ग, पहलगाम सगळं भरभरून सांगतात. श्रीनगरपासून जेमतेम २२ किमीवर दाचीगाम राष्ट्रीय उद्यान आहे आणि हंगुलचा जगातला जवळजवळ सगळा कळप तिथेच उरलाय, हे मात्र क्वचितच कुणाच्या तोंडून ऐकू येतं. हंगुल म्हणजे काश्मीरचं मोठं डोंगरी हरीण. आपल्या कान्हातला बारशिंगा वेगळा, हा युरोपातल्या तांबड्या हरणांच्या भाऊबंदांपैकी. नराच्या शिंगांना अकरा ते सोळा फाटे फुटतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन ते पाच हजार हंगुल होते असं मानतात. १९४७ नंतर शिकारीला धरबंध राहिला नाही आणि १९७० पर्यंत दीडशेच्या आसपास उरले. मग संरक्षण मिळालं, १९८० च्या सुमारास आकडा तीनशेच्या वर गेला, आणि खोऱ्यातली अशांतता सुरू झाल्यावर पुन्हा घसरला. पुढच्या गणना बघा: २००४ मध्ये १९७, २००८ मध्ये १२७, २०१७ मध्ये १८२, २०२१ मध्ये २६१, २०२३ मध्ये २८९. वाढ आहे, मी नाकारत नाही. पण पन्नास वर्षं राखून आपण १९८० च्याच आसपास घुटमळतोय.

दक्षिण काश्मीरात त्रालजवळ शिकारगाह इथे हंगुलचं प्रजनन केंद्र मंजूर होऊन पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला. तिथे जन्मलेलं एकही पाडस अजून रानात सुटलेलं नाही. हे जनावर बुजरं, पकडताना धसक्यानेच मरण्याची भीती. दुसरीकडे खरी अडचण डोळ्यांसमोर आहे. हंगुल हिवाळ्यात खालच्या दाचीगामात असतो आणि बर्फ वितळलं की मारसरच्या बाजूच्या उंच कुरणांकडे सरकतो, निदान सरकायला हवा. तिथे त्याच वेळी हजारो शेळ्यामेंढ्या आणि त्यांच्यासोबत राखणीची कुत्री पोहोचलेली असतात. मग हंगुल खालीच अडकतो. खाली बिबट्या आणि अस्वलं दाटीने आहेत, आणि मे-जूनमध्ये जन्मलेलं पाडस पहिल्याच उन्हाळ्यात जातं. शंभर माद्यांमागे पाडसं किती कमी दिसतात हे दर गणनेत पुढे येतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. केंद्रावरचा पैसा आणि लक्ष काढून वरची कुरणं उन्हाळ्यात मोकळी करा. बाकी सगळं त्यानंतर.

माळकरी

ताई, तळमळ पोहोचली. पण "कुरणं मोकळी करा" हे लिहायला तीन शब्द लागतात, म्हणून ते सोपं वाटतं. मी सोलापूरकडचा, आमच्या घरात मेंढरं होती. वाघर लावून रात्री वाडा करायचा, शेतकऱ्याच्या रानात कळप बसवायचा, पहाटे पुढे निघायचं. आमच्याकडे १९७९ ला माळढोकसाठी अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किमी. त्यात गावं, शेतं, सगळं आलं. जमीन विकायची पंचाईत, विहिरीला परवानगी, चराईला मनाई. लोक त्या पक्ष्याचं नाव काढलं की चिडायला लागले. पुढे क्षेत्र कमी केलं, पण तोवर मनं विटली होती. आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास संपल्यात जमा आहे. गवताचा माळ मेंढरांनी खाल्ला म्हणून तो गेला नाही. माळाची शेती झाली, वर विजेच्या तारा आल्या. आणि हाकलला गेला धनगर.

तिकडच्या वरच्या कुरणांत येणारे फिरस्ते मेंढपाळ म्हणजे बकरवाल. त्यांचंही तेच होणार. एप्रिल-मेत ते राजौरी, पूंछ, रियासीकडून पीर पंजालचे घाट चढून चालत येतात. आधी सीमेने आणि मग १९९० नंतरच्या अशांततेने त्यांची कितीतरी कुरणं बंद पडली. उरलेल्या जागांवर गर्दी झाली, ती त्यांनी हौसेने केलेली नाही. आणि दाचीगामच्या आत सरकारचं स्वतःचं मेंढीपैदास केंद्र १९६१ पासून कित्येक दशकं होतं, त्याबद्दल तुमच्या लेखात अवाक्षर नाही. ख्रू गावाच्या बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत, तेही हंगुलच्या जुन्या वाटेवर. आधी त्यांना हात लावा, मग मेंढपाळाकडे या.

झेलमकाठी

कामानिमित्त काश्मीरमध्ये राहिलो आहे, म्हणून लिहितो. माळकरी म्हणतात ते मेंढीपैदास केंद्र ही खरोखर लाजिरवाणी गोष्ट होती. राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं १९८१ मध्ये आणि हंगुलच्या हिवाळी चराईच्या जागेत सरकारी मेंढ्या त्यानंतरही चरत राहिल्या.

ऑक्टोबरात परवाना काढून खालच्या दाचीगामात गेलो होतो. तो त्यांचा माजाचा काळ. डगवान नाल्याच्या पलीकडे नर उभा होता. मान पुढे ताणली, तोंड उघडलं आणि घशातून जो आवाज निघाला तो सुरुवातीला घोगरा आणि शेवटाला चिरका होत गेला. मानेचे केस भिजून काळे झाले होते, पोटाखाली चिखल. शिंगाच्या एका फाट्यात सुकलेली वेल अडकली होती आणि ती काढायला तो झुडपात डोकं घासत राहिला. सोबतचा वनरक्षक अगदी हळू आवाजात सांगत होता की हा जुना नर आहे, मागच्या साली समोरच्या उतारावर होता. ही माणसं एकेका नराला ओळखतात आणि त्यातले बरेच जण रोजंदारीवर आहेत. पैसा कुठे घालायचा यावर वाद चाललाय, तर हाही मुद्दा नोंदवा.

धाग्याच्या मूळ प्रश्नावर मी देवराईंच्या बाजूचा आहे. वर जायला जागा मिळाली तरच हंगुल वाढेल.

पशुवैद्यक_नगर

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. २०२३ च्या गणनेत २८९ जनावरं, जवळजवळ सगळी १४१ चौरस किमीच्या एकाच उद्यानात आणि लगतच्या रानात. एक साथ पुरे आहे. मंगोलियात २०१६-१७ मध्ये सायगा हरणांत पीपीआर हा साथीचा रोग पसरला, म्हणजे आपल्याकडे शेळ्यामेंढ्यांना होतो तोच, आणि तिथले निम्म्याहून जास्त सायगा मेले. हंगुलमध्ये असं काही झालं तर पुन्हा उभं करायला आपल्या हातात काय असेल? चार शिंगं आणि फोटो. दुसऱ्या जागी पाळलेला, जपलेला एक कळप असणं हा विमा आहे.

आणि हे अशक्यही नाही. हंगुलचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे मध्य आशियातलं बुखारा हरीण. १९९९ च्या सुमारास ते चारशेच्याही आत आलं होतं. २००२ मध्ये कझाकस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या चार देशांनी करार केला, रानं राखली, शिवाय कुंपणात वाढवलेली हरणं जुन्या जागी नेऊन सोडली. आज संख्या दोन हजारांच्या पुढे आहे. चीनमधून नामशेष झालेलं मिलू हरीण इंग्लंडमधल्या बंदिस्त कळपातून १९८५-८६ मध्ये परत गेलं. बंदिस्त पैदास केली नसती तर आज मिलू हा फक्त पुस्तकातला प्राणी असता. शिकारगाहचं काम रखडलं म्हणून कल्पनाच मोडीत काढायची, हे पटत नाही.

देवराई

डॉक्टर, सायगाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. पीपीआर सायगांत आला तो पाळीव शेळ्यामेंढ्यांतून. म्हणजे साथीची भीती खरी मानली तर पहिला उपाय कळप आणि हंगुल वेगळे ठेवणं हाच ना?

बुखारा हरणाबद्दल: त्यांना सोडायला नदीकाठची झाडी शिल्लक होती, आणि ती राखलेली होती. शिकारगाहमध्ये उद्या पन्नास पाडसं झाली असं धरू. सोडणार कुठे? ओवेरा-अरू अभयारण्याकडे? तिथून हंगुल ज्या कारणांनी गेला ती कारणं आहेत तिथेच आहेत. नेलेलं जनावर पहिल्या उन्हाळ्यात त्याच कुत्र्यांपुढे आणि त्याच भरलेल्या कुरणात जाईल.

माळकरी दादा, सरकारी मेंढ्या आणि सिमेंटबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या मागणीत त्यांचं नाव पहिलं येतं. पण माद्या जिथे पाडसं घेऊन जायला हव्यात ती जागा वरची कुरणं आहेत. बकरवालांना पर्यायी कुरण आणि रोख भरपाई देऊनच ती मोकळी करावीत, फुकट उठवावं असं मी कधीच म्हणणार नाही.

पायवाट

मला एक कळत नाही. दर धाग्यावर एका देखण्या प्राण्यासाठी आपण एवढं भांडतो, पण दाचीगाम राखण्याचं सगळ्यात मोठं कारण पाणी आहे. महाराजा प्रतापसिंहांच्या काळात १९१० मध्ये तिथली दहा गावं उठवली ती शिकारीच्या राखीव रानासाठी आणि श्रीनगरच्या पाण्यासाठी. हारवनच्या तलावातून शहराला आजही पाणी जातं. वरचे उतार चरून उघडे पडले तर गाळ खाली येणार. श्रीनगरच्या माणसाला हंगुलपेक्षा हे लवकर समजेल आणि पाठिंबाही तिथूनच मिळेल.

माळकरी

पायवाट, पाण्याचं कारण पटतं. पण बघा, १९१० मध्येही गावंच उठली. दर वेळी मोठ्या कारणासाठी लहान माणूस उठतो.

देवराई ताई, "पर्यायी कुरण" हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. पर्यायी कुरण म्हणजे कुणाचं तरी आधीचं कुरण. तिथला गुज्जर नाहीतर चोपान मेंढपाळ म्हणेल, हे कुठून आले? भांडणं लागतील. भरपाई येते ती ज्याच्या नावाचा कागद आहे त्याला, आणि फिरस्त्याच्या नावावर कागद नसतो. जम्मू-काश्मीरला वनहक्क कायदा २०१९ नंतर लागू झाला. त्याखाली आधी या लोकांचे चराईचे हक्क लिहून द्या, मग त्या हक्काचा मालक म्हणून त्यांच्याशी बोला. त्याच्या हातात काही असेल तर तो काही सोडायचं ठरवू शकेल.

आणि कुत्र्यांचा राग करू नका. कुत्रं नसेल तर एका रात्रीत बिबट्या वाड्यात शिरतो. आमच्याकडे लांडग्याने एका रात्रीत किती मेंढरं फाडली हे ज्याने पाहिलंय तो कुत्रं सोडून वर जाणार नाही.

झेलमकाठी

यातून एक मधली वाट दिसते ती मांडतो. पूर्ण बंदीऐवजी उशीर. मे-जून हा पाडसांचा काळ, त्यानंतरचे काही आठवडे सगळ्यात नाजूक. कळपांनी वरच्या दाचीगामात जुलैच्या मध्यापर्यंत शिरू नये, आणि काही ठरावीक नाळी (अरुंद घळी) कायमच्या हंगुलसाठी सोडाव्यात. मेंढ्यांना उद्यानाच्या बाहेरच पीपीआर आणि लाळ्याखुरकुताची लस टोचावी. म्हणजे डॉक्टरांची भीतीही निम्मी होते. वनरक्षकांत बकरवाल घरांतली मुलं घ्यावीत, त्यांच्याइतका तो डोंगर कुणाला माहीत आहे?

पशुवैद्यक_नगर

लसीचं जरूर करा, स्वस्त आहे आणि लगेच होण्यासारखं आहे. मात्र विम्याचा मुद्दा मी सोडत नाही. शिकारगाहला जाणकार माणसं द्या, दहा वर्षांचा पैसा एकदम मंजूर करा आणि मग निकाल विचारा. कुरण आणि केंद्र यांतून एकच निवडा हा प्रश्नच मला मान्य नाही.

देवराई

पैसा अमर्याद असता तर मलाही मान्य नसता. दोन्ही कामं एकाच खात्याच्या त्याच मोजक्या माणसांवर पडतात आणि केंद्राची इमारत दिसते, उद्घाटन होतं, म्हणून पैसा तिकडे जातो. माझा क्रम तोच राहील. झेलमकाठींची उशिराची सूचना मात्र मला बंदीपेक्षा जास्त करण्याजोगी वाटते. दादा, एक मेंढपाळ म्हणून तुम्हाला ही चालेल का?

माळकरी

चालेल, पण एका अटीवर. घाट उतरून दमलेला कळप घेऊन माणूस जूनमध्ये वर जायला निघतो, कारण खाली गवत संपलेलं असतं आणि ऊन वाढलेलं असतं. जुलैच्या मध्यापर्यंत थांब म्हणालात, तर ते पाच-सहा आठवडे तो थांबणार कुठे आणि मेंढरं खाणार काय? चारा कोण पोहोचवणार, कुठल्या गावाच्या हद्दीत, दर डोई किती? हे लिहून दिलंत तर बकरवालांच्या पुढाऱ्यांशी बोलता येईल. नुसती तारीख दिलीत तर पहिल्याच वर्षी मोडेल.

झेलमकाठी

काश्मीरातल्या सिंध नाल्याच्या खोऱ्याच्या तोंडाशी आणि त्रालच्या बाजूला कळप दरवर्षी मुक्काम करतात, चाऱ्याचे डेपो तिथेच द्यावे लागतील. तिथल्या गावकऱ्यांची तयारी किती हे माझ्या ओळखीच्या मंडळींना विचारून इथेच लिहितो.