फक्त पॅरेंटल कंट्रोल पुरेसं नाही

ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलांना अनोळखी लोकांपासून कसं जपायचं, असं विचारलं की बरेच जण पॅरेंटल कंट्रोल, म्हणजे मुलांच्या फोनवर पालकांना मर्यादा घालता येतील अशी सोय, बसवण्याचा सल्ला देतात. लहान मुलांसाठी तो योग्यच आहे. पण गेमच्या चॅटमध्ये कोण काय बोलतंय, हे त्यातून सहसा कळत नाही आणि धोका अनेकदा तिथूनच सुरू होतो. अनोळखी माणूस आधी खेळात मदत करतो, कौतुक करतो, मग 'दुसऱ्या ॲपवर बोलूया' म्हणतो आणि पाठोपाठ 'घरी सांगू नकोस'. ही दोन वाक्यं ओळखायला मुलांना आधीच शिकवा.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 'खरं सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही' हा शब्द मुलांना आत्ताच द्या, आणि पाळा. फोन जाईल या भीतीने कितीतरी मुलं गप्प बसतात आणि धमकावणाऱ्याचं फावतं.

कुणी मुलाच्या नग्न किंवा तशा खासगी फोटोवरून धमकावत असेल तर पैसे देऊ नका, मागणी थांबत नाही. चॅट डिलीट करू नका. धमक्यांचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट, ब्लॉक आणि पोलीस. अठरा वर्षांखालच्यांच्या अशा फोटोंसाठी हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड होत नाही, त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे फक्त तो फोटो ओळखणारा कोड, आपल्याच फोनवर तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून आपल्या ॲपवरचा तो फोटो शोधून हटवू शकतात. नावही द्यावं लागत नाही, त्यामुळे घाबरलेलं मूल स्वतःसुद्धा ती वापरू शकतं.